बसून धुवायचं बेसिन

आवाज झाला तेव्हा सोमारी जागी होती की झोपेत, हे तिला नंतर कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आधी स्वप्नात काहीतरी फुटलं आणि मग घरात. ती धावत गेली तेव्हा बाथरूममध्ये तिचा बाप, कोलू, एका पायावर उभा होता. दुसरा पाय त्यानं तसाच हवेत धरला होता. नाला ओलांडताना पुढचा दगड कुठं आहे ते कळू नये, तसा. भिंतीवर बेसिनच्या जागी दोन भोकं उरली होती आणि त्यांतून विटेचा लाल भुगा गळत होता. फरशीभर पांढरे तुकडे. निखळलेल्या नळीतून पाण्याची धार सुटून नेमकी कोलूच्या पोटावर पडत होती आणि तो ती चुकवत नव्हता. डोळ्यांवर ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा होता. त्यामुळे तो घाबरला आहे की नुसता थांबला आहे, ते दिसत नव्हतं.

"लागलं का बा?"

"नाई."

"मंग असा उभा काऊन आहेस?"

"पाय कुठी ठेवू? सारी काचच काच हाय."

तिनं भिंतीवरचा कॉक बंद केला. धार बारीक होत होत थांबली आणि घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं. तिनं हाताला धरून त्याला तुकड्यांमधून बाहेर आणलं, पाय पुसले, तळवे उलटून पाहिले. कुठं ओरखडाही नव्हता. ते तळवे इतके जाड होते की त्यांना काही लागलं असतं तरी कळायला वेळ लागला असता.

"पाय धुऊन राह्यलो होतो," तो म्हणाला. "रोजच धुतो. आजच पडलं ते."

मग तिला उलगडलं. एटापल्लीच्या पलीकडच्या त्यांच्या गावात कुंपणाशी पाण्याचं मडकं असायचं. पाहुणा असो की घरचा माणूस, पायावर पाणी घेतल्याशिवाय आत यायचा नाही. रानातली धूळ रानाची, ती तिथंच सोडायची. चंद्रपूरला, बाबूपेठेतल्या या घरात, दाराबाहेर पाणी नव्हतं. कोलू पहाटे उठून अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा राहायचा आणि परत येताना पाय धुवायला जागा शोधायचा. बाथरूममध्ये खाली नळ होता, पण त्याच्याखाली बादली होती आणि बादलीतलं पाणी अंघोळीचं. त्यात पायाचं पाणी कसं पाडणार? उरलं बेसिन. आल्या दिवसापासून तो रोज पहाटे एक पाय वर चढवून त्यात धुवायचा, मग दुसरा, आणि नंतर आपल्या दुपट्ट्यानं ते भांडं कोरडं करून ठेवायचा. सोमारी उठून त्याच बेसिनवर तोंड धुवायची. बेसिन रोज इतकं लख्ख कसं, याचं तिला नवल वाटलं होतं, पण एवढंच.

चहा घेताना तो म्हणाला, "मी जातो गावाले."

"दुसरा डोळा राह्यला ना अजून."

"एक डोळा पुरते मले."

हे त्यानं मराठीतच म्हटलं. गावात तो तिच्याशी गोंडीत बोलायचा. इथं आल्यापासून मात्र घरातही मराठी. तहसील हापिसात बोलावी तशी, जपून, शब्द मोजून. आशाबाईंना, शेजारणीला, कळलं नाही तर वाईट दिसेल असं तो म्हणाला होता. पण आशाबाई घरात नसतानाही तो मराठीच बोलायचा. सोमारीनं दोनदा गोंडीत विचारलं, त्यानं दोनदा मराठीत उत्तर दिलं. मग तिनंही सोडून दिलं.

डावा डोळा झाला होता. उजवा पुढच्या महिन्यात व्हायचा होता. सोमारी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. डोळ्यांच्या डॉक्टरांना तिनंच विनवलं होतं. गावाला जाऊन त्याला घेऊनही तीच आली होती, रानात मोहाची फुलं पडायच्या आत परत सोडते असं सांगून. आता मोह पडायला लागला होता. काल बिरजूचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला होता: बाले सांग, रातभर टपटप पडून राह्यलाय. तिनं सांगितलं नव्हतं. पण बापाच्या नाकाला तो वास चंद्रपुरातही येत असावा. कालपासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. आता वर हे फुटलं. पोरीच्या घरात आपल्या पायानं काही फुटलं तर माणूस तिथं राहतो का? हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण कप ठेवताना तो इतका हळू ठेवला की तिला कळलं.

बेसिन आजच बसलं पाहिजे, असं तिला वाटलं. उद्या नाही. उद्यापर्यंत त्या दोन भोकांकडे पाहत तो या घरात राहणार नाही. तिनं लोकेश प्लंबरला फोन लावला. "ताई, लग्नघरची टाकी लावून राह्यलो," लोकेश म्हणाला. "होळी झाली का येतो." दुसऱ्याला फोन करावा, असं क्षणभर मनात आलं. पण तो येईल, भोकं पाहील आणि विचारेल, कसं पडलं? आणि कोलू सांगेल. खरं तेच सांगेल, साध्या आवाजात, आणि प्लंबर हसेल. ते हसू तिला त्या घरात नको होतं.

नवं बेसिन दाखवत दुकानदारानं विचारलं, "बसवणार कोण?" "मीच," ती म्हणाली. त्यानं तिला एकदा वरून खाली पाहिलं आणि बोल्ट, वायसर, पांढरं सिमेंट, नळ्या असं एकेक काढून काउंटरवर ठेवत ती वस्तू कशी बसते ते सांगू लागला. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. ऑटोत तिनं बेसिन मांडीवर घेतलं. ते गार होतं, जड होतं, आणि त्याच्या पोटातल्या भोकातून तिला आपल्या साडीचा निळा गोल तुकडा दिसत होता. रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. कोळशाच्या ट्रकामागून धूळ उठायची, हवेत थांबायची आणि मग जणू विचार बदलून खाली बसायची. मूल नसलेल्या बाईच्या मांडीवर काय काय येऊन बसतं, असा एक विचार मनात आला आणि ऑटोच्या हेलकाव्यात कुठंतरी सांडून गेला. ती एकच गोष्ट मनात घोकत होती: तो असेल ना घरी. कडी वाजवून बघू, असेल ना.

तो होता. कडुनिंबाखाली बसून फुटके तुकडे एकावर एक रचत होता, कौलं रचावीत तसे.

बेसिन किती उंचीवर लावायचं, हे तिनं दुकानात विचारलं नव्हतं. जुन्या भोकांतली वीटच निसटली होती, म्हणजे नवी भोकं पाडायलाच हवीत. तिनं कोलूला आत बोलावलं. "बा, तोंड धुताना हात कुठी येते तुझे? दाखव." तो क्षणभर विचारात पडला. मग भिंतीशी गेला आणि दोन पायांवर बसला, उकिडवा, नदीकाठी बसतो तसा, आणि ओंजळ पुढं केली. सोमारी पेन्सिल घेऊन वाट पाहत होती, तो उभा राहील म्हणून. तो उभा राहिला नाही. त्याच्या दृष्टीनं त्यानं दाखवलं होतं. उभ्यानं तोंड धुतात हे त्याला माहीत होतं, दवाखान्यात त्यानं पाहिलं होतं. पण ते दुसऱ्यांचं. तिनं पाहिलं, त्याची ओंजळ तिच्या गुडघ्याच्या जरा वर येत होती. ती म्हणणार होती, असं नाही बा. पण पेन्सिल आधीच भिंतीला टेकली होती. तिनं त्याच्या ओंजळीखाली रेघ मारली. डॉक्टरांनी तोंडाला पाणी लावू नका म्हटलं होतं. डोळा निवेपर्यंत तर त्या ओंजळीत पाणी येणारच नव्हतं. म्हणजे ही रेघ त्यानंतरच्या दिवसांची होती. ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं रेघ आणखी ठळक केली.

सोमारीनं मागितलेली ड्रिल मशीन घेऊन आशाबाई आल्या, त्यांच्या घरधन्याची. "का वो सोमारी, काय पाडलं सकाळी? आमचे भांडे हालले तिकडं." मग त्यांना रेघ दिसली. "अवो, हे काय? अंगणवाडीचं बेसिन होय का?"

"बसून तोंड धुवायचं आहे."

"कोणाले?" असं म्हणून आशाबाईंनी बाहेर कडुनिंबाकडं पाहिलं. मग स्वतःच म्हणाल्या, "मंग बरं हाय. माह्या सासूलेबी असंच पाह्यजे होतं. वाकून वाकून मेली बिचारी."

ड्रिल सुरू झालं तेव्हा सोमारीच्या दातांत, कानांत, हाडांत एकच आवाज भरला आणि बाकीचं जग लांब गेलं. विटेची धूळ तिच्या हातांवर बसत होती. तिला आश्रमशाळेचा हौद आठवला. शाळेच्या मागं सिमेंटचा लांब हौद होता, त्याला ओळीनं नळ, आणि ते नळही असेच खाली होते, पोरांच्या उंचीचे. पहिल्या दिवशी बापानं तिला तिथपर्यंत आणलं होतं. तिच्या हातात पत्र्याची पेटी होती. पेटीवर गुलाबाचं फूल होतं, आणि ते फूल एका कोपऱ्यात खरवडलेलं होतं. बाप म्हणाला, "येर पिऊन येतो," पाणी पिऊन येतो, आणि हौदाकडं गेला. ती उभी राहिली. नळावर पोरं आली, गेली. ऊन हौदाच्या कडेवरून उतरून जमिनीवर आलं. एक कुत्रा येऊन नळाखालचं साचलेलं पाणी चाटून गेला. ती पेटी धरून उभीच होती. कुणीतरी बाई आली आणि म्हणाली, चल आता. पुढं मोठी झाल्यावर तिला कळलं, सगळेच बाप तसेच जायचे. शाळेतलेच लोक सांगायचे, सांगून जाऊ नका, पोरं मागं धावतात, रानात हरवतात. एक पोरगं खरंच हरवलं होतं म्हणे. न सांगता जाणं ही बापांची माया होती. तिनं ते समजून घेतलं होतं. दिवाळीत तो न्यायला आला तेव्हा त्यानं त्या दिवसाबद्दल काही म्हटलं नाही, तिनंही नाही. पण कळणं एक आणि कानाचं एक. तेव्हापासून तिचा कान दारापाशी राहिला. वसतिगृहात, कॉलेजात, नवऱ्याबरोबर होती त्या थोड्या वर्षांत. नवरा तर सांगून, भांडून, सामान आवरून गेला. त्याचं तिला त्या मानानं काहीच वाटलं नाही.

बोल्ट भिंतीत बसले. ते भिंतीतून बाहेर आलेले पाहून तिला स्वतःचा थोडा अभिमान वाटला. मग चूक दिसली. सांडपाण्याचं भिंतीतलं तोंड जुन्या बेसिनच्या बेतानं होतं. नवं बेसिन त्याच्याही खाली येत होतं. पाणी वर कसं चढणार? ती फरशीवर बसून त्या तोंडाकडं बराच वेळ पाहत राहिली. प्रयोगशाळेत ती दिवसभर काचेच्या नळ्या हाताळायची, पण तिथं पाणी वर चढावं अशी वेळ कुणी आणत नव्हतं. शेवटी तिनं भिंतीतल्या तोंडात चिंधी कोंबून वर सिमेंट थापलं आणि सांडपाण्याची नळी सरळ खाली फरशीच्या जाळीवर सोडायचं ठरवलं. रीतीचं नव्हतं. पण पाणी गेलं असतं.

बेसिन तिनं एकटीनं उचललं. कोलू दारात आला होता. "मी धरतो," तो म्हणाला.

"तुले वजन उचलाले मनाई आहे. जा बाहेर बस."

"एक हात लावतो."

"बा, बाहेर बस म्हटलं ना."

तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तो वळला. तिनं बेसिन बोल्टांवर चढवलं, खांद्यानं खालून रेटलं आणि फरशीवर आडवी होऊन डाव्या बाजूचं नट फिरवायला घेतलं. गाल ओल्या फरशीवर टेकला होता. फरशी गार होती आणि तिला सिमेंटचा, गंजाचा, जुन्या साबणाचा वास होता. बेसिनची खालची बाजू खडबडीत होती, तिथं कुणी पॉलिश केलं नव्हतं, कारण तिथं कुणी पाहायचं नव्हतं. तिला वाटलं, आपण एखाद्या मोठ्या पांढऱ्या जनावराच्या पोटाखाली पडलो आहोत आणि ते झोपलं आहे. एक नट बसलं. ती उजव्या बाजूला सरकली. खांदा दुखत होता. डोळे मिटले की पाण्याचा आवाज येई, उघडले की काहीच नाही. तिला वाटलं थोडा वेळ असंच पडून राहावं. बाहेर बाप, आत आपण, मध्ये हे झोपलेलं जनावर, आणि कुणीही हलू नये.

तेव्हा कडी वाजली.

फाटकाची कडी वाजली की नुसती हलायची नाही, आधी वर जायची आणि मग खाली पडायची; दोन आवाज यायचे. तिनं दोन्ही ऐकले. "बा?" ती म्हणाली. उत्तर आलं नाही. "बा, कुठी चाल्लास?" आशाबाईंकडं पाणी मागायला गेला असेल. कोपऱ्यावर तंबाखू घ्यायला गेला असेल. बाहेर बस म्हटलं म्हणून रागावून नुसता रस्त्यावर उभा राहिला असेल. हात सोडला तर बेसिन एका नटावर लटकणार, ते नटही पुरतं आवळलेलं नव्हतं. वीट भुसभुशीत होती, सिमेंट ओलं होतं. उजवं नट तिच्या बोटांत होतं, धाग्यावर चढत नव्हतं. ते तिरकं लागत होतं. तिनं ते काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा तिरकं. ती स्वतःला सांगत होती, आधी हे बसव, मग बघू, एवढं बसलं की तो राहील. आणि सांगता सांगता तिला ऐकू आलं की हे बोलणारी बाई वेडी आहे. ज्याच्यासाठी बेसिन लावायचं तो बाहेर रस्त्यानं चालला आहे आणि ही खाली पडून बेसिन धरून बसली आहे, हौदाशी पत्र्याची पेटी धरून उभी होती तशी. त्या दिवसानं शिकवलं तसं. जागचं न हलता.

तिनं हात सोडला.

बेसिन कलंडलं. त्याचा भिंतीला घासल्याचा आवाज तिनं ऐकला. त्यापुढचा ऐकायला ती तिथं नव्हती. फाटक, गल्ली, पिठाची चक्की, चक्कीवरच्या बायांची वर झालेली तोंडं. पायात चप्पल नव्हती. बल्लारपूर रोडवर डांबर तापलं होतं. थांब्यावर टपरीच्या सावलीत कोलू उभा होता. काखेत पिशवी होती, तीच, येताना आणलेली.

तिनं श्वास घेतला. "कुठी चाल्लास?"

"तंबाखू घ्याले."

"पिशवी घेऊन?"

त्यानं पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाला, "तू मांगं धावशीन म्हणून नाई सांगतलं."

"मी चाळिशीची होऊन राह्यली बा."

"मंग? धावलीच ना."

तिला हसू आलं. हसता हसता ते दुसरंच काही व्हायला लागलं, म्हणून तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. हाताचं सिमेंट नाकाला लागलं. टपरीवाला पाहत होता. कोलूही पाहत होता, मान जरा वळवून, झालेल्या डोळ्यानं.

"बेसिन लागलं?" त्यानं विचारलं.

"सोडून आली."

"पडलं?"

"माहीत नाई."

समोरून ट्रक गेले.

"सांगून जा, बा," ती म्हणाली. "जायचं असन तर सांगून जा."

"सांगतलं तर जाऊ देशीन?"

तिला पटकन हो म्हणता आलं नाही. उजवा डोळा होता, डॉक्टरांची तारीख होती, बिरजूच्या घरातला चुलीचा धूर होता, मोहाखाली वाकून वाकून वेचणं होतं. सगळं खरं होतं. तिनं ते सगळं एकदा मनात वाचलं, रिपोर्ट वाचावा तसं.

"देईन," ती म्हणाली.

"डोळ्याचं भांडण नाई करशीन?"

"करीन. पण जाऊ देईन."

कोलूनं पिशवी खाली ठेवली. चष्मा नीट केला. बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "जातो मी, बाई. मोह पडून राह्यला."

"जा."

एवढं झाल्यावर दोघांनाही काय करावं ते कळेना, कारण गाडी अजून आलीच नव्हती. एरवी सांगून जाणारी माणसं सांगितल्यावर लगेच जातात. हे दोघं तसेच एकमेकांशेजारी उभे राहिले, सावली सरकली की सरकत. तिनं विचारलं, थेंबांचं औषध घेतलं का. त्यानं खिशातली बाटली काढून दाखवली. वाकून वेचू नको, पोरांना वेचायला सांग, असं ती म्हणाली. तो हं म्हणाला, आणि दोघांनाही ठाऊक होतं की तो वाकणार.

"दुसरा डोळा कवा?" त्यानं एकाएकी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात तेंदूपत्ता."

"मंग?"

"मंग टोरी. मोहाचं फळ कोण सोडून देते?"

"मंग?"

"मंग धान."

"म्हंजे मेल्यावर?"

त्यानं हे मनावर घेतलं. खरोखर हिशेब करत असल्यासारखा तो रस्त्याच्या दूरच्या टोकाकडं पाहत राहिला. "टोरी बिरजू करीन," तो म्हणाला. "टोरीच्या वक्ती येतो. तू येऊ नको न्याले. मीच येतो."

अहेरीची गाडी आली. दारातून कंडक्टरनं गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली अशी गावं एका दमात ओरडून टाकली. कोलूनं पिशवी उचलली आणि दांडा धरून चढला. सोमारीनं हात पुढं केला होता, आधाराला. त्याला तो लागला नाही. वरच्या पायरीवर पोचल्यावर तो आत गेला नाही. तिथंच थांबला, वळला आणि कंडक्टरच्या दंडाला हात लावून मोठ्यानं म्हणाला, थांब्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल असं,

"हे माही पोरगी हाय. हिले सांगून चाल्लो मी."

"बरं बाबा," कंडक्टर म्हणाला, "आता आत सरक, दार लावू दे."